घरचें आरोग्य : मोबाईलवरील नेम आणि त्याचें उद्यापन

आपल्या घरांतून संवयी मोजण्याची चाल नवी नाहीं. जपाची माळ, नमस्कारांची संख्या, चातुर्मासांतील गोपद्में, लक्ष वातींचा संकल्प, ही सर्व एका अर्थीं मोजदादच होय. मनुष्याचें मन चंचल. त्यास एखाद्या गोष्टीशीं रोज बांधून ठेवावयाचें तर संख्येचा खुंटा उपयोगीं पडतो, हें आपल्या पूर्वजांनीं ओळखलें होतें. आज तोच खुंटा मोबाईलच्या रूपानें तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या हातीं आला आहे. पावलें मोजणारीं, पाणी पिण्याची आठवण करणारीं, झोपेचे तास टिपणारीं, जेवणाचा हिशेब ठेवणारीं नाना तऱ्हेचीं ‘ॲप्स’ आतां घरोघरीं परिचयाचीं झालीं आहेत. त्यांचा उपयोग कितपत करावा व कोठें थांबावें, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं ठरविलें, त्यास एका वाचकभगिनीचें पत्र निमित्त झालें.

या भगिनींचें कुटुंब एकत्र आहे. सासू-सासरे, तिघे भाऊ, त्यांच्या बायका आणि पांच मुलें. धाकट्या जावेची मुलगी चौदा वर्षांची. शाळा, शिकवणी आणि पुन्हां शिकवणी यांत तिचें खेळणें सुटलें, म्हणून थोरल्या काकांनीं तिच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिलें. रोज दहा हजार पावलें, आठ पेले पाणी आणि ताटांतील प्रत्येक पदार्थाची नोंद. रात्रीं मंडळी जेवावयास बसलीं म्हणजे काका सर्वांसमक्ष विचारीत, ‘‘काय बाईसाहेब, आज किती झालीं?’’ पहिले पंधरा दिवस मुलगी मोठ्या उत्साहानें आंकडा सांगे. पुढें एके दिवशीं तिनें मोबाईल धाकट्या भावाच्या खिशांत घालून त्याला अंगणांत पळावयास लावल्याचें उघडकीस आलें. तें हंसण्यावारी गेलें. परंतु त्यानंतर ताटांतला भात मागें राहूं लागला, पोळीवरचें तूप नकोसें झालें, आणि एकदां तिनें स्वयंपाकघरांत हळूच सांगितलें, ‘‘काकू, हें खाल्लें कीं माझ्या मोबाईलवर लाल दिसतें हो.’’ पत्र लिहिणाऱ्या त्या मुलीच्या थोरल्या काकू आहेत. त्या लिहितात, ‘‘ह्यांचा हेतु चांगला आहे यांत शंका नाहीं. पण पोर कोमेजत चालली आहे. तें ॲप ठेवावें कीं काढून टाकावें, एवढें सांगा.’’

प्रश्न दोन शब्दांचा असला तरी उत्तर दोन शब्दांत देण्याजोगें नाहीं. प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं. मोबाईलच्या आंत हालचाल टिपणारा एक बारीक संवेदक असतो. चालतांना शरीराला बसणारे ठराविक तालाचे हिसके तो ओळखतो व त्यांवरून पावलांचा अंदाज बांधतो. हे हिसके कोणाच्या पायांचे हें त्यास कळत नाहीं. म्हणूनच भावाची धांव बहिणीच्या खातीं जमा होते. पाणी आणि जेवण यांबाबत तर तें बिचारें पूर्णपणें परावलंबी. आपण जें लिहूं तें त्यानें खरें मानावयाचें. तात्पर्य, हा वहीलेखक कारकून आहे. वैद्य नव्हे आणि गुरुहि नव्हे.

दहा हजार या आंकड्याचीहि कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १९६४ सालीं टोकियोंत ऑलिंपिक सामने झाले व जपानांत व्यायामाची हवा पसरली. १९६५ मध्यें तेथील यामासा नांवाच्या कंपनीनें कमरेला लावण्याचें एक पाऊलमापक विकावयास काढलें. त्याचें नांव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचें मापक. आंकडा वाटोळा, लक्षांत राहणारा आणि विक्रीस सोयीचा. प्रयोगशाळेंत सिद्ध होऊन तो आलेला नव्हता. २०१९ सालीं अमेरिकेंतील वृद्ध स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांचें सरासरी वय ७२ होतें. त्यांत सुमारें ४,४०० पावलांपासूनच आयुर्मानाचा लाभ दिसूं लागला, आणि ७,५०० च्या पुढें तो फारसा वाढला नाहीं. हा अभ्यास मुलांचा नव्हे. परंतु दहा हजार म्हणजे कांहीं वेदवाक्य नव्हे, एवढें त्यावरून समजावें. साडेनऊ हजारांवर अडलेल्या मुलीनें रात्रीं अकरा वाजतां दिवाणखान्यांत येरझारा घालण्याचें कारण नाहीं.

मग मुलांना माप हवें तरी कोणतें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेला सल्ला साधा आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं आठवड्याच्या सरासरीनें रोज ६० मिनिटें अंगाला घाम आणणारी हालचाल करावी, व आठवड्यांतून तीन दिवस तरी स्नायु आणि हाडें बळकट करणारा व्यायाम त्यांत असावा. खेळ, धांवणें, सायकल, पोहणें, दोरीवरच्या उड्या, नमस्कार, यांपैकीं कांहींहि चालतें. ही अपेक्षा कितीजण पुरी करतात? याच संघटनेच्या संशोधकांनीं १४६ देशांतील शाळकरी मुलांच्या माहितीवरून २०१६ सालापुरता हिशेब मांडला, तेव्हां ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८१ जणांना पुरेशी हालचाल घडत नाहीं असें आढळलें. मुलींत हें प्रमाण शेंकडा ८५, मुलांत ७८. तेव्हां पत्रांतील काकांची काळजी अनाठायीं नाहीं, हें आरंभींच कबूल केलें पाहिजे.

ॲपचा गुण असा कीं, तें न दिसणारी गोष्ट दिसती करतें. ‘‘मी दिवसभर धांवपळ करतें’’ असें म्हणणाऱ्या मुलीस आपण बाराशेंच पावलें चाललों हें पाहून खराच धक्का बसतो, आणि तो धक्का कोणा वडिलांच्या बोलण्यांतून न आल्यामुळें लागतहि नाहीं. ठराविक वेळीं आठवण करून देणें हाहि त्याचा गुणच. भारत सरकारनें २९ ऑगस्ट २०२१ रोजीं ‘फिट इंडिया’ नांवाचें ॲप विनामूल्य उपलब्ध करून दिलें, तें याच हेतूनें. पहिलें पाऊल उचलावयास हें साधन खरोखर मदत करतें.

परंतु पहिल्या पावलानंतर काय होतें? जुलै २०१६ मध्यें ‘पोकेमॉन गो’ नांवाचा मोबाईलवरचा खेळ निघाला. त्यांत काल्पनिक प्राणी पकडण्यासाठीं खेळणाऱ्यास घराबाहेर पडून प्रत्यक्ष चालावें लागे. अमेरिकेंतील तरुण खेळाडूंच्या पावलांची नोंद संशोधकांनीं तपासली, तेव्हां पहिल्या आठवड्यांत रोजचीं सरासरी ९५५ पावलें वाढलेलीं आढळलीं. पुढें दर आठवड्यास ती वाढ ओसरत गेली, आणि सहाव्या आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न! त्याच वर्षीं पिट्सबर्ग विद्यापीठांतील संशोधकांचा दोन वर्षांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन कमी करूं इच्छिणाऱ्या १८ ते ३५ वर्षांच्या लोकांना आहार, व्यायाम व समुपदेशन सर्वांना सारखेंच दिलें. सहा महिन्यांनंतर निम्म्या लोकांना अंगावर बांधण्याचें मोजणी-यंत्रहि दिलें. दोन वर्षांअखेर यंत्रवाल्यांचें वजन सरासरी साडेतीन किलो घटलें; यंत्र नसलेल्यांचें पांच किलो नऊशें ग्रॅम. हे लोक मोठे होते, मुलें नव्हेत. तथापि यंत्र बांधलें कीं काम झालें हा भ्रम दूर होण्यास एवढें पुरे.

असें कां व्हावें? याचें एक कारण बक्षिसांत दडलेलें आहे. ही ॲप्स बिल्ले देतात, तारे देतात, टाळ्यांचा आवाज काढतात. १९७३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रें काढण्याची मुळांतच हौस असलेल्या मुलांपैकीं कांहींना, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असें आधीं सांगितलें व तें दिलें. एकदोन आठवड्यांनीं मोकळ्या वेळांत पाहिलें, तेव्हां हींच मुलें पूर्वींइतक्या आवडीनें रंग हातांत घेईनात. ज्यांना कांहींच मिळालें नव्हतें, किंवा न सांगतां मिळालें होतें, त्यांची हौस कायम होती. आवडीच्या गोष्टीला मोलाची अट जोडली म्हणजे आवड मागें पडते व मोल पुढें येतें. मग मोल मिळविण्याचा सोपा मार्ग शोधणें हें बुद्धिमान मुलाचें लक्षणच समजावें. धाकट्या भावाला पळावयास लावणारी मुलगी लबाड नाहीं. तिला जो खेळ दिला तो ती नीट खेळली. आंकडा वाढवावयास सांगितलें, तिनें आंकडा वाढविला.

दुसरें कारण म्हणजे अखंडतेचा हट्ट. सलग किती दिवस झाले याची साखळी ही ॲप्स दाखवितात, तिला ‘स्ट्रीक’ म्हणतात. एक दिवस चुकला कीं साखळी तुटते व मोजणी शून्यावर येते. चाळीस दिवस नियमानें चाललेल्या मुलास तापाच्या एका दिवसामुळें शून्य पाहावें लागलें, तर त्यानें ‘‘गेलें सगळें!’’ म्हणून मोबाईल आपटावा यांत नवल नाहीं. वस्तुतः संवयीचा स्वभाव असा नाहींच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ९६ जणांनीं एकेक नवी संवय, रोज एकाच प्रसंगाला जोडून, बारा आठवडे पाळण्याचा प्रयत्न केला. संवय आपोआप घडूं लागण्यास लागणारा काळ कोणाचा १८ दिवस तर कोणाचा २५४ दिवस असा निघाला. मधली संख्या ६६ दिवस. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर रुजते, व्यायामास अधिक काळ लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मधें एखादा दिवस चुकल्यानें संवय रुजण्यांत म्हणण्यासारखा बिघाड झाला नाहीं. ॲप ज्याला शून्य म्हणतें त्याला शरीर शून्य म्हणत नाहीं, हें प्रत्येक मुलास समजावून सांगितलें पाहिजे.

येथें आपल्या व्रतांची आठवण होते. चातुर्मासाचा नेम आषाढींत धरतात आणि कार्तिकींत सोडतात. त्याला आरंभीं संकल्प असतो व शेवटीं उद्यापन. नेम कोणता धरावयाचा हें धरणारा स्वतः ठरवितो. दुसऱ्याच्या नांवाचा संकल्प कोणी सोडीत नाहीं. मोबाईलवरील नेमाला नेमक्या याच दोन गोष्टींची वाण आहे. संकल्प बहुधा वडिलांचा असतो, आणि उद्यापन तर नाहींच. मुलानें ॲप रोज उघडावें, कायम उघडावें, यांत तें काढणाऱ्याचा लाभ आहे. संवय लागली, आतां माझें काम नाहीं, असें म्हणून निरोप घेणारें ॲप विरळाच.

आतां ताटाकडे वळूं, कारण पत्रांतील खरें दुखणें तेथें आहे. अमेरिकेंत वजन घटविण्याच्या धंद्यांतील ‘डब्ल्यू डब्ल्यू’, म्हणजे पूर्वींची ‘वेट वॉचर्स’, या कंपनीनें ऑगस्ट २०१९ मध्यें ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीं ‘कुर्बो’ नांवाचें ॲप काढलें. त्यांत अन्नाचे तीन रंग, रस्त्यावरील दिव्यांप्रमाणें हिरवा, पिवळा, तांबडा. खाण्याच्या मनोविकारांवर काम करणाऱ्यांनीं त्यास तत्काळ विरोध केला. वाढत्या मुलांस अन्नाची भीति घालणें धोक्याचें आहे असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें मार्च २०२२ मध्यें तेथील व्यापार आयोगानें याच ॲपवर दुसऱ्याच कारणासाठीं कारवाई केली. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती आईबापांच्या संमतीवांचून गोळा केल्याचा आरोप होता. कंपनीनें १५ लक्ष डॉलर दंड भरून व ती माहिती नष्ट करण्याचें मान्य करून प्रकरण मिटविलें. आपल्याकडेहि संसदेनें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यांत अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून, माहिती घेण्यापूर्वीं पालकांची पडताळलेली संमति आवश्यक ठरविली आहे. म्हणून ॲप घालून देतांना ‘मान्य’ या शब्दावर आंधळेपणानें बोट ठेवूं नये. मुलीचें वजन, वय व झोप हीं कोणाच्या दप्तरीं जाणार आहेत तें आधीं वाचावें.

चौदाव्या वर्षीं मुलीची उंची वाढत असते, हाडें भरत असतात, पाळी सुरू झाल्यामुळें लोहाची गरज वाढलेली असते. या वयांत वरण, भात, भाजी, पोळी व वर बेताचें तूप यांतील कोणताहि पदार्थ गुन्हेगार नाहीं. वाढत्या मुलीच्या हातीं उष्मांकांचा हिशेब देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. एखाद्या रोगासाठीं डॉक्टरांनींच हिशेब सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. आणि मूल जेवण टाळूं लागलें, एकटें जेवावयास मागूं लागलें, वजन भराभर उतरलें, वारंवार आरशापुढें किंवा कांट्यावर उभें राहूं लागलें, किंवा मुलीची पाळी थांबली, तर तो हट्ट समजून रागावूं नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावें, आणि जरूर तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हा विकार अंगीं मुरला म्हणजे फार चिवट होतो.

झोपेविषयीं थोडेंच सांगतों. १३ ते १८ वर्षांच्या मुलांनीं चोवीस तासांत ८ ते १० तास झोपावें, असें अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांनीं २०१६ सालीं एकमतानें सांगितलें. या वयांत झोप येण्याची नैसर्गिक वेळच थोडी पुढें सरकते. तेव्हां उशीरां झोप येणें हा सर्वस्वीं आळस नव्हे. परंतु उशाशीं मोबाईल ठेवून, त्यावरच्या ॲपनें झोप मोजणें म्हणजे उंदराच्या हातीं धान्याच्या कोठीची किल्ली देण्यापैकीं आहे. रात्रीं ठराविक वेळीं घरांतील सर्व मोबाईल दिवाणखान्यांतील एका फळीवर ठेवावे. येथें ‘सर्व’ या शब्दावर आमचा भर आहे. आजोबांच्या बातम्या, काकांचे व्यवहाराचे निरोप व आईच्या मालिका चालू राहिल्या आणि मुलाचाच मोबाईल काढून घेतला, तर तें आरोग्य न वाटतां शिक्षा वाटते. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. परंतु ते स्वतः रोज नमस्कार घालीत, म्हणून त्यांच्या सांगण्यास वजन होतें.

आतां पत्रलेखिकेस उत्तर. ॲपमधील जेवणाची नोंद आजच्या आज बंद करावी, आणि मुलीस एकदां डॉक्टरांना दाखवावें. पावलांची मोजणी ठेवावयाची कीं नाहीं हें तिला विचारावें. ती नको म्हणाली तर आनंदानें काढून टाकावी. हवी म्हणाली तर पुढील चार गोष्टी पाळाव्या.

पहिली, संकल्प तिचा असावा, एकच असावा, आणि रोजच्या एखाद्या ठराविक प्रसंगाला जोडलेला असावा. शिकवणीहून परततांना पायीं येणें, संध्याकाळच्या दुधानंतर वीस मिनिटें दोरीवरच्या उड्या, स्नानापूर्वीं बारा नमस्कार, असें कांहीं. दुसरी, आंकडा तिचा खाजगी राहावा. एकत्र कुटुंबांत प्रेमानें विचारलेला प्रश्नहि दहा कानांवर पडतो, आणि चौदाव्या वर्षीं दहा जणांपुढें कमी पडणें फार जिव्हारीं लागतें. तिसरी, एक दिवस चुकला तर प्रायश्चित्त नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभ, एवढाच नियम. चौथी, उद्यापनाची तारीख आधींच ठरवावी. अडीच-तीन महिने पुरे. हौस असेल तर आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. त्या दिवशीं आठवणीची घंटा बंद करावी आणि सर्व कुटुंबानें मिळून सिंहगड किंवा जवळची एखादी टेकडी चढावी. त्यानंतर महिनाभर मोजूं नये. चालणें आपोआप चालूं राहिलें तर नेम फळास आला. न राहिलें तर मुलीस दोष देऊं नये. संकल्प तिला न जुळणारा होता, दुसरा निवडावा.

राहिले काका. त्यांना चारचौघांत कांहीं बोलूं नये. पुतणीविषयींच्या मायेपोटींच त्यांनीं हें केलें आहे. पत्रलेखिकेनें त्यांना एकांतांत एवढेंच सुचवावें कीं, रात्रीं पानावर बसल्यावर ‘‘किती झालीं?’’ असें विचारण्याऐवजीं सायंकाळीं चपला पायांत घालून ‘‘चल गं, येतेस का माझ्याबरोबर?’’ असें विचारावें. मोबाईल घरीं राहिला तरी हरकत नाहीं. पहिल्या दिवशीं ती नाहीं म्हणेल, कदाचित् दुसऱ्या दिवशींहि. तरी त्यांनीं विचारीत राहावें, आणि ती न आली तरी स्वतः फिरून यावें.

पुढील महिन्यांत शाळेच्या दप्तराचें ओझें व मुलांच्या पाठीचा कणा या विषयाचा विचार करूं. त्यासंबंधींचे आपले अनुभव वाचकांनीं अवश्य कळवावे.